'फुकट' म्हणण्यापूर्वी : ब्रिटनच्या आरोग्यसेवेत रुजू झालेल्या मराठी डॉक्टर-परिचारिकांना खुले पत्र

प्रिय सहकाऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या संक्रांतीला आपल्याकडच्या मराठी मंडळींचे हळदीकुंकू झाले, तेव्हा तिळगूळ वाटून झाल्यावर तुमच्यापैकी काही जण रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातील गर्दीबद्दल बोलत बसला होता. सलग रात्रपाळ्या करून आलेला एक तरुण डॉक्टर थकलेल्या आवाजात म्हणाला, की इथे सगळे फुकट मिळते, म्हणून लोक उठसूट येतात. त्याला जोडून कोणीतरी म्हणाले, की निदान बाहेरच्या देशांतून येणाऱ्यांकडून तरी पुरते पैसे घेतले पाहिजेत. मी तेव्हा काही बोलले नाही. तुमच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे मला दिसत होती आणि त्या थकव्याला उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. परंतु ते गप्प राहणे तेव्हापासून मनाला लागून राहिले आहे. ज्या माणसाने ही सेवा उभी केली, त्याने उभ्या राजकीय आयुष्यात या 'फुकट' शब्दाशीच झुंज दिली. त्याची हकिगत तुमच्यापर्यंत पोहोचली नसेल, तर तो दोष आम्हा आधी आलेल्यांचा आहे.

मी १९७४ साली सोलापूरहून वैद्यकीय पदवी घेऊन इथे आले आणि पुढे दक्षिण वेल्सच्या एका खाणखोऱ्यात जीपी, म्हणजे घरोघरचा डॉक्टर, म्हणून निवृत्तीपर्यंत राहिले. या खोऱ्यांत यायला इथले पदवीधर फारसे राजी नसत, त्यामुळे दर दोन-चार मैलांवर एखादा देशपांडे, एखादा रेड्डी किंवा एखादा सिद्दीकी दवाखाना चालवताना भेटे. माझे निम्मे रुग्ण खाणीत आयुष्य काढलेले. "त्याला धूळ आहे," असे बायका नवऱ्याबद्दल सांगत, आणि त्या एका वाक्यात फुप्फुसात साठलेला कोळसा, जिना चढताना लागणारी धाप आणि उशांना टेकून बसून काढलेल्या रात्री हे सगळे येई. हीच माणसे बोलता बोलता 'नाय' असे एक नाव घेत, आपण घरातल्या थोरल्या भावाचे घ्यावे तसे. तो नाय म्हणजे अनायरिन बेव्हन, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळले. मात्र त्या नावामागचा अर्थ समजायला बरीच वर्षे जावी लागली.

बेव्हन यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८९७ रोजी मॉनमथशरमधील ट्रेडीगर या गावी झाला. वडील डेव्हिड खाणकामगार होते, पण ग्रंथ आणि संगीत यांत रमणारे. आई फीबी शिवणकाम जाणणारी आणि घर करड्या शिस्तीने चालवणारी. दहा भावंडांतील हा मुलगा बोलताना अडखळत असे. शाळेत त्याचे मन लागले नाही, हेडमास्तरांशी तर त्याचे कधीच जमले नाही, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी तो टी-ट्रिस्ट खाणीत उतरला. त्याचे खरे शिक्षण ट्रेडीगरच्या कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून उभारलेल्या संस्थेच्या वाचनालयात झाले. दिवसभर जमिनीखाली राबून हा मुलगा रात्री उशिरापर्यंत अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान वाचत बसे. एकोणिसाव्या वर्षी तो तिथल्या खाणकामगार संघटनेच्या स्थानिक शाखांचा अध्यक्ष झाला. १९१९ साली दक्षिण वेल्सच्या खाणकामगार महासंघाने त्याला शिष्यवृत्ती देऊन लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात दोन वर्षांसाठी पाठवले. तिथे त्याने कविता मोठ्याने म्हणून म्हणून जीभ सरळ केली. पुढे संसदेत चर्चिल यांच्यासमोर उभे राहून बोलणाऱ्या त्या वक्त्याला अडखळणाऱ्या शब्दाऐवजी दुसरा शब्द तत्क्षणी शोधण्याची सवय या तोतरेपणानेच लावली, असे त्याला ओळखणारे म्हणत. मला ते पटते. ज्याला प्रत्येक शब्द कमवावा लागतो, त्याच्या शब्दांना निराळे वजन येते.

१९२१ मध्ये परत आल्यावर खाणीच्या मालकांनी त्यांना कामावर घेतले नाही. जवळजवळ तीन वर्षे बेकारीत गेली. घरात बहीण कमावती झाली, म्हणून त्यांचा बेकारी भत्ताही थांबवण्यात आला. तेवीस-चोवीस वर्षांच्या धडधाकट मुलाने बहिणीच्या पगारावर जगावे, असा हिशेब सरकारी कचेरीने केला. या प्रसंगाकडे तुम्ही बारकाईने पाहावे, अशी माझी विनंती आहे. पुढे ज्या आरोग्यसेवेची त्यांनी आखणी केली, तिच्या दारात तुमचे उत्पन्न किती, घरात कोण कमावते, असा प्रश्न विचारणारा माणूस त्यांनी ठेवला नाही. त्या काळच्या धर्मादाय रुग्णालयांत रुग्णाची ऐपत तपासण्यासाठी खास नेमलेली बाई असे, आणि रुग्ण शुद्धीवर असो वा नसो, नातेवाइकांना तिच्यासमोर घरची गरिबी उलगडून दाखवावी लागे. बेव्हन यांना या पद्धतीची चीड होती, आणि ती चीड त्यांनी स्वतःच्या घरात अनुभवलेली होती.

१९२५ च्या फेब्रुवारीत वडील गेले. फुप्फुसात कोळशाची धूळ भरून, मुलाच्या हातांतच. त्या वेळच्या कायद्याला हा रोग खाणकामातून होतो हेच मान्य नव्हते, म्हणून कुटुंबाला भरपाईचा एक पेन्सही मिळाला नाही.

आता ट्रेडीगरच्या त्या गोष्टीकडे येते, जिच्याशिवाय बेव्हन यांचे काम समजत नाही. या गावात १८९० पासून कामगारांची वैद्यकीय मदत संस्था होती. खाणीतला आणि पोलादाच्या कारखान्यातला माणूस पगारातील दर पौंडामागे तीन पेन्स तिला देई. त्या काळी पौंडाचे २४० पेन्स होत, म्हणजे पगाराचा ऐंशीवा हिस्सा. त्या पैशांतून संस्थेने पाच डॉक्टर, एक शल्यविशारद, दंतवैद्य, औषधे बनवून देणारी माणसे आणि गावभर फिरणारी परिचारिका पगारावर ठेवली होती. चष्मे आणि कवळ्या संस्थेतून मिळत, दूरच्या रुग्णालयात जावे लागले तर आगगाडीचे भाडेही मिळे. गावातील बहुतेक सगळी माणसे, बायकामुलांसकट, या संस्थेच्या छत्राखाली होती. डॉक्टर कामगारांच्या समितीला उत्तर देत. मालकाचे उपकार त्यात कुठेच नव्हते. बेव्हन १९२२ मध्ये नगर परिषदेवर निवडून आले, गावच्या छोट्या रुग्णालयाच्या समितीवर बसले आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले. तेथेच त्यांनी खाटा, औषधे, पगार आणि रुग्ण यांचा मेळ घालणे शिकून घेतले. मंत्री झाल्यावर ते सांगत, की ट्रेडीगरला एका पिढीपासून जे मिळते आहे, तेच आपण साऱ्या देशाला देतो आहोत, देशाचेच ट्रेडीगर करतो आहोत.

म्हणजे पाहा, या सेवेच्या मुळाशी दान नाही. तिच्या मुळाशी दर आठवड्याच्या पगारातून, आजारी नसतानाही, आपल्या व शेजाऱ्याच्या आजारपणासाठी बाजूला काढलेले तीन पेन्स आहेत. तातडीच्या विभागात बसलेल्या ज्या म्हातारीला तुम्ही पहाटे तीन वाजता तपासता, तिने आपला वाटा पन्नास वर्षे भरलेला असतो, तुमचा आणि माझा जन्म होण्याच्या आधीपासूनही कदाचित. उपचाराच्या क्षणी पैसे मागितले जात नाहीत, एवढेच. याला मराठीत फुकट म्हणत नाहीत. फार तर 'आधीच दिलेले' म्हणावे.

१९२९ मध्ये एब्बू व्हेल मतदारसंघातून ते मजूर पक्षातर्फे संसदेत गेले आणि मरेपर्यंत तेथूनच निवडून येत राहिले. १९३४ मध्ये त्यांनी जेनी ली यांच्याशी लग्न केले. त्या स्कॉटलंडच्या खाणकामगाराच्या कन्या, स्वतः २४ व्या वर्षी खासदार झालेल्या, आणि ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाची उभारणी पुढे ज्यांच्या चिकाटीमुळे झाली त्या. १९३९ मध्ये फॅसिझमविरुद्ध सर्व पक्षांची एकजूट मागितल्याबद्दल स्वपक्षाने बेव्हन यांना काही महिने बाहेर काढले. युद्धकाळात चर्चिल यांच्यावर टीका करण्याचे धाडस ज्या थोड्यांनी केले, त्यांत ते पुढे होते, आणि त्याबद्दल चर्चिल यांच्याकडून त्यांनी अपशब्दही ऐकून घेतले. मंत्रिपदाचा अनुभव शून्य असलेल्या या माणसाकडे नवे पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांनी १९४५ च्या ऑगस्टमध्ये आरोग्य आणि घरबांधणी ही दोन्ही खाती सोपवली. वय ४७, मंत्रिमंडळात सर्वांत तरुण. घरांच्या बाबतीतही त्यांचा आग्रह असा, की कामगाराचे घर प्रशस्त असावे, संडास वर आणि खाली दोन्हीकडे असावा, आणि त्यासाठी घरांची संख्या काही काळ कमी पडली तरी चालेल. संख्या कमी पडलीही, आणि तिची किंमत त्यांच्या पक्षाला मोजावी लागली. तरी त्या काळची घरे मी माझ्या भेटींत आतून पाहिली आहेत, आणि त्यांच्याविषयी तक्रार करणारा रहिवासी मला क्वचितच भेटला.

आरोग्यसेवेचा कायदा १९४६ मध्ये मंजूर झाला. त्यांनी इंग्लंड आणि वेल्समधील अडीच हजारांहून अधिक रुग्णालये, धर्मादाय असोत वा नगरपालिकांची, एका छत्राखाली आणली. हर्बर्ट मॉरिसन यांच्यासारखे त्यांच्याच पक्षाचे वजनदार मंत्री म्हणत होते, की रुग्णालये नगरपालिकांकडेच राहू द्यावीत. बेव्हन यांचे उत्तर असे, की गरीब गावाची नगरपालिका गरीबच असते, मग तिथल्या माणसाला गरीब रुग्णालय मिळेल. धर्मादाय रुग्णालये रस्त्यावर झेंडे विकून पैसे गोळा करत, हेही त्यांना लाजिरवाणे वाटे. लहानशा रुग्णालयात सहानुभूतीच्या उमाळ्यात मरण्यापेक्षा मोठ्या रुग्णालयाच्या थंड कार्यक्षमतेत जिवंत राहणे आपण पसंत करू, असे ते संसदेत म्हणाले होते. खर्च त्यांनी विम्याच्या हप्त्यांवर सोडला नाही, मुख्यतः सर्वसाधारण करांवर टाकला. हप्ता भरला तरच उपचार, हे तत्त्व हप्ता भरू न शकणाऱ्याला बाहेर ठेवते, हे ते बेकारीच्या दिवसांपासून ओळखून होते.

सर्वांत कडवा विरोध आपल्याच पेशातून झाला, हे मला तुमच्यापासून लपवायचे नाही. १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने मत आजमावले, तेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ डॉक्टर विरोधात गेले. त्या काळी दवाखाना रुग्णांसकट विकत घेतला आणि विकला जाई. नव्या कायद्याने ही विक्री बंद केली आणि भरपाईसाठी ६ कोटी ६० लाख पौंडांची तरतूद केली. आपल्याला सरकारी नोकर बनवले जाणार, ही जीपींची भीती बेव्हन यांनी कायद्यात स्पष्ट दुरुस्ती करून घालवली. रुग्णालयांतील तज्ज्ञांना खासगी रुग्ण पाहण्याची मुभा आणि रुग्णालयातच काही सशुल्क खाटा दिल्या. या तज्ज्ञांची तोंडे आपण सोन्याने भरली, असे त्यांनी नंतर म्हटल्याचे सांगतात. ही तडजोड मला आजही खुपते, कारण रांगेत पुढे जाण्याची वाट तिने सेवेच्या आतच ठेवली. पण ती केली नसती, तर ५ जुलै १९४८ हा दिवस उगवला असता का, याबद्दल मला शंका आहे. त्या दिवशी मँचेस्टरजवळच्या डेव्हीहल्मच्या रुग्णालयात बेव्हन गेले, आणि आजारी असलेली १३ वर्षांची एक मुलगी या सेवेची पहिली रुग्ण ठरली.

त्यानंतर लगेच तेच शब्द कानांवर येऊ लागले, जे मी संक्रांतीला ऐकले. पहिल्या वर्षात पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले, तेव्हा वृत्तपत्रे म्हणू लागली, की फुकट आहे म्हणून लोक लुटत आहेत. वस्तुस्थिती अशी होती, की तोवर सामान्य माणूस बाजारातल्या ढिगातून नजरेला बरा वाटेल तो चष्मा निवडून वापरत असे, आणि वर्षानुवर्षे दाबून ठेवलेले दुखणे घेऊन बायका पहिल्यांदाच डॉक्टरांसमोर आल्या होत्या. घरातील विम्याचे कवच जेमतेम कमावत्या पुरुषापुरते असे. पुढे हुजूर पक्षाच्या सरकारने उधळपट्टी शोधण्यासाठी गिलबो समिती नेमली. तिने १९५६ मध्ये अहवाल दिला, की उधळपट्टीचा पुरावा नाही, उलट राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात सेवेवरचा खर्च १९४९-५० मधील ३.७५ टक्क्यांवरून १९५३-५४ मध्ये ३.२५ टक्क्यांवर आलेला आहे.

परंतु त्याआधीच घाव बसला होता. १९५१ च्या एप्रिलमध्ये अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कोरियाच्या युद्धामुळे वाढवलेल्या शस्त्रखर्चासाठी कवळ्या आणि चष्म्यांवर निम्मे शुल्क लावले. त्यातून त्या वर्षी मिळणार होते सुमारे १ कोटी ३० लाख पौंड, आणि शस्त्रसज्जतेचा तीन वर्षांचा बेत होता ४७० कोटी पौंडांचा. बेव्हन यांनी राजीनामा दिला. हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हे सहकारी मंत्रीही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. टीकाकार म्हणतात, की यात अहंकार होता, गेट्स्केल यांच्याशी स्पर्धा होती, आणि १९४९ मध्ये औषधांवर शुल्क लावण्याचा अधिकार देणारी तरतूद स्वतः बेव्हन यांनीच नाइलाजाने स्वीकारली होती. ही टीका खोटी नाही. ते संतापी होते. सेवा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी विरोधी पक्षाविषयी त्यांनी असे शब्द वापरले, की ते त्यांच्या पक्षाला वर्षानुवर्षे भोवले. १९५७ मध्ये अणुबाँबच्या प्रश्नावर त्यांनी आपल्याच अनुयायांना दुखावले. तरीही शुल्काच्या बाबतीत ते बरोबर होते, असे मी दवाखान्यातल्या अनुभवावरून म्हणते. वेल्समध्ये औषधांचे शुल्क १ एप्रिल २००७ पासून बंद झाले. त्याआधी दम्याची एक रुग्ण, कारखान्यात काम करणारी, दोन फवाऱ्यांची चिठ्ठी हातात घेऊन मला विचारायची, "डॉक्टर, यातला कोणता या महिन्यात नाही घेतला तरी चालेल?" दमा शुल्कमाफीच्या यादीत नव्हता. ती उठसूट येणारी नव्हती, ती उशिरा येणारी होती, आणि उशिरा आली की रुग्णवाहिकेतून येई.

बाहेरच्यांबद्दलही बेव्हन बोलले आहेत, आणि आपल्यासाठी ते फार जवळचे आहे. परदेशी पाहुण्यांना मोफत उपचार का, हा प्रश्न त्यांना तेव्हाच विचारला जात होता. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी उत्तर दिले, की पाहुणाही इथे खरेदी करताना कर भरतो. शिवाय पाहुणा ओळखायचा कसा? मग प्रत्येक नागरिकाने आपण पाहुणे नाही हे सिद्ध करणारी कागदपत्रे खिशात बाळगायची काय? दवाखान्याच्या खिडकीवर ती कागदपत्रे आधी कोणाकडे मागितली जातील, हे तुमच्या-माझ्या चेहऱ्याच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. आज व्हिसावर इथे येणाऱ्या आपल्याच पुण्या-नाशिकच्या अभियंत्याकडून आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला १,०३५ पौंड घेतले जातात, व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे एकदम आणि आगाऊ. तो नोकरीला लागला, की इतरांसारखा करही भरतो. म्हणजे तो दोनदा भरतो. तुम्ही आरोग्यसेवेच्या व्हिसावर आलात, म्हणून तुम्हाला यातून सूट आहे. कदाचित त्यामुळेच हा भार तुमच्या नजरेस आला नसेल. बाहेरून येणाऱ्यांनी पैसे द्यावेत, असे पंक्तीला बसून म्हणताना शेजारच्या पानावर बसलेल्याने ते दिलेले असतात, एवढे लक्षात असू द्या.

तुमच्या तक्रारी खऱ्या आहेत. खाटा अपुऱ्या आहेत, माणसे अपुरी आहेत, आणि तुमच्या पाळ्या आमच्या काळापेक्षा कमी जीवघेण्या आहेत असे मी म्हणणार नाही. पण त्याचा राग तुमच्यासमोर खुर्चीत बसलेल्या रुग्णावर काढू नका. आपल्या खासदाराला पत्र लिहा, संघटनेच्या सभेला जा, मतदान करा. व्हिसावर असलेल्या भारतीय नागरिकालाही राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून इथे नाव नोंदवून मत देता येते. खाणीतल्या त्या मुलाने सुरुवात संघटनेच्या अशाच सभांतून केली होती.

६ जुलै १९६० रोजी बेव्हन पोटाच्या कर्करोगाने गेले. सेवा सुरू होऊन बारा वर्षे आणि एक दिवस झाला होता. ट्रेडीगर आणि एब्बू व्हेल यांच्यामधल्या उघड्या माळावर, जिथे ते हजारोंच्या सभा घेत, तिथे त्यांच्या स्मरणार्थ चुनखडीच्या चार शिळा उभ्या आहेत. मोठी त्यांची, आणि बाजूच्या तीन त्यांच्या मतदारसंघातील गावांच्या.

दर वर्षी जुलैच्या पहिल्या शनिवारी मी तिथे जाते. यंदा तुम्ही सोबत यावे, ही या पत्राची खरी विनंती. कार्डिफहून एब्बू व्हेलपर्यंत आगगाडी येते, पुढे मी स्थानकावर असेन. आधी माळावर जाऊ, मग ट्रेडीगरच्या घड्याळाच्या चौकात वैद्यकीय मदत संस्थेची जुनी इमारत आहे ती पाहू. डबे आणलेत तर बरे होईल, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी आणते. मुलांनाही आणा. वर वारा फार असतो, जुलै असला तरी स्वेटर विसरू नका.

तुमची,
खाणखोऱ्यातील एक निवृत्त डॉक्टर
दक्षिण वेल्स